फळ्यांना जागा ठेवा



घरात लाकडी जमीन करून घ्यायची म्हटलं की बहुतेकांचा आग्रह एकच असतो: फटी दिसता कामा नयेत. मग सुतारही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फळ्या गच्च ठोकून मोकळा होतो. पहिल्याच पावसाळ्यात जमीन मधोमध फुगून वर येते, आणि बोल लागतो बिचाऱ्या सागाला.

खाच-जिभेच्या फळ्या तुम्ही पाहिल्या असतील. एका कडेला लांबच्या लांब खाच, दुसऱ्या कडेला जीभ. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते. त्यामुळे पाऊल पडलं की शेजारची फळीही भार उचलते, आणि फळ्या थोड्या आकसल्या तरी फटीतून खालचं काही दिसत नाही. म्हणजे लाकूड हलणार, हे या सांध्यात आधीच धरलेलं आहे.

लाकूड हवेतला ओलावा शोषतं, पुन्हा सोडतं. लांबीत फारसा फरक पडत नाही, पडतो तो रुंदीत. चार इंची फळी अर्धा मिलिमीटर फुगली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण दहा फुटांच्या खोलीत अशा तीस फळ्या बसतात, म्हणजे दीड सेंटिमीटर झालं! ते जाणार कुठे? म्हणून भिंतीलगत चहूबाजूंनी दहा-बारा मिलिमीटर जागा मोकळी सोडायची. स्कर्टिंगची पट्टी ती झाकते. मात्र ही पट्टी भिंतीला ठोका, फळीला नको.

वखारीतून फळ्या आणल्या की लगेच कामाला लागू नका. ज्या खोलीत बसवायच्या तिथेच, मध्ये रिपा घालून, आठवडाभर तरी राहू द्या. तेवढ्यात खालच्या काँक्रीटची परीक्षा होते. प्लास्टिकचा चौरस तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. आतून दव धरलं, तर काम पुढे ढकला.

पहिली ओळ सरळ भिंतीकडून, सूत धरून लावा. खाच भिंतीकडे, जीभ खोलीकडे. ही ओळ वरून ठोकली तरी चालते, खिळे स्कर्टिंगखाली जातात. पुढच्या ओळींत खिळा जिभेच्या मुळाशी तिरका जातो आणि पुढच्या फळीखाली लपतो. सागाला आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर जीभ चिरते. हातोडी थेट फळीवर नको, मध्ये कापलेल्या फळीचा तुकडा धरा. लागोपाठच्या ओळींतले आडवे सांधे एकमेकांपासून सहा इंच तरी दूर हवेत. शेवटच्या ओळीला हातोडी फिरवायला जागाच नसते, ती रुंदीत कापून पुन्हा वरूनच ठोकावी लागते.

काम कधी काढावं? मुंबई-कोकणात मे महिन्यात बसवलेली जमीन जुलैत फुगते, आणि भर पावसात बसवलेली उन्हाळ्यात फटी दाखवते. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, हवा मधली असते. तेव्हाच सुताराला बोलवा.

आणि तळमजल्याच्या खोलीला दरवर्षी ओल येत असेल, तर सागावर पैसे घालू नका. तिथे शहाबादी फरशीच बरी.