रविवार कोणाचा?

आम्ही पोटासाठी मुंबईत आलो. मुंबई पाहिली मात्र रविवारी. राणीची बाग, गिरगावची चौपाटी, इराण्याकडचा ब्रून-मस्का, एका चहावर तासभर गप्पा! परके शहर असे आपले झाले.

हा रविवार फुकटचा नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १० जून १८९० रोजी तो गिरणी कामगारांना मिळवून दिला.

एकदा चहा आणणाऱ्या पोराला आम्ही विचारले, "चौपाटी पाहिलीस का रे?"

तो म्हणाला, "काका, रविवारीच तर गिऱ्हाईक जास्त!"

इतकी वर्षे युनियनचे काम केले. हॉटेलातल्या पोरांची सभा मात्र आम्ही कधी घेतली नव्हती. त्याच्याही वाट्याला आठवड्याचा एक दिवस येईपर्यंत आमचा रविवार उसनाच समजायचा.