सॉकेट जुळलं, आता बायोस बघा

जुना कॉम्प्युटर बंद पडतो तेव्हा प्रोसेसर गेलेला असणं तसं विरळाच. बोर्ड मात्र जातो. मग त्या प्रोसेसरसाठी कोणता बोर्ड शोधायचा?

इंटेलचेच दोन प्रोसेसर घेऊ. आय५-२४०० हा दुसऱ्या पिढीचा, २०११ चा. आय५-३४७० तिसऱ्या पिढीचा, २०१२ चा. चार आकड्यांतला पहिला आकडा पिढी सांगतो. दोघांचं सॉकेट एकच, एलजीए ११५५. त्याआधीचं ११५६. एकाच पिनेचा तर फरक, म्हणून बसवायला जाऊ नका. खाचांची जागा वेगळी आहे, आणि जोर लावलात तर सॉकेटातल्या केसासारख्या पिना वाकल्याच म्हणून समजा.

खरी फसगत होते ती सॉकेट जुळल्यावर. एच६१ चिपसेटचे बोर्ड २०११ मध्ये आले, तेव्हा तिसरी पिढी बाजारात यायची होती. अशा बोर्डाच्या जुन्या बायोसला ३४७० ओळखूच येत नाही. पंखा फिरतो, स्क्रीन काळी ती काळीच, आणि चांगल्या प्रोसेसरवर ‘खराब’ असा शिक्का बसतो. उपाय आहे: बायोस अपडेट. पण त्यासाठी बोर्ड आधी सुरू तर व्हायला हवा! म्हणून दुसऱ्या पिढीचा एखादा स्वस्त प्रोसेसर, सेलेरॉन जी५३० सारखा, तेवढ्यापुरता मागून आणावा लागतो. अपडेट यूपीएसवरच करा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो.

ऑफिसांतून निघालेल्या मशीनमध्ये क्यू६५ किंवा क्यू६७ चिपसेट दिसतो. तिथे तिसऱ्या पिढीचा नाद सोडा, इंटेलने त्यांना ती मान्यता दिलीच नाही. मला विचाराल तर बी७५ शोधावा. त्यावर दोन्ही पिढ्या चालतात.

पैसे देण्यापूर्वी बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन वाचा, आणि कंपनीच्या सीपीयू सपोर्ट लिस्टमध्ये आपला प्रोसेसर शोधा. कमीत कमी कोणतं बायोस हवं, तेही तिथेच दिलेलं असतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड बोर्ड घेणार असाल तर प्रोसेसर सोबत न्या. सॉकेटवर मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा. वाकलेली पीन रांगेत वेगळी चमकते. मग तिथेच प्रोसेसर लावून दाखवायला सांगा. दुकानदार कां-कूं करू लागला, तर शेजारचं दुकान उघडंच असतं.