स्तनाची पुनर्रचना : होकार देण्याआधी



स्तनाच्या कर्करोगावर आपल्याकडे आता बरेच बोलले जाते. आज मी त्यातला एक लहान तुकडा घेणार आहे. कर्करोगासाठी स्तन काढल्यावर तो पुन्हा घडवता येतो, हे अनेकींना ठाऊक असते. ते करताना काय बिघडू शकते, हे मात्र फार थोड्यांना कोणी नीट सांगितलेले असते. प्लास्टिक सर्जन म्हणून मला वाटते, की हे सांगण्याची वेळ शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याच्या आधी असते. सही घेताना घाईघाईने वाचून दाखवलेला कागद म्हणजे सांगणे नव्हे.

२०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा अंदाज आहे. त्या सगळ्यांनाच स्तन काढावा लागत नाही. मिलानचे उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेचे बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांची वीस वर्षांची निरीक्षणे २००२ साली प्रसिद्ध झाली. रोग लवकर सापडला असेल, तर फक्त गाठ काढून रेडिएशन दिले तरी जगण्याचे प्रमाण पूर्ण स्तन काढल्याइतकेच राहते, हे त्यांतून सिद्ध झाले. तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : माझा स्तन वाचवता येईल का? उत्तर नाही असे आले, तरच पुढचे बोलणे.

पुनर्रचनेचे मुख्य मार्ग दोन. एकात सिलिकोनचे इम्प्लांट बसवतात. पुष्कळदा आधी एक्स्पांडर नावाची पिशवी ठेवून ती हळूहळू फुगवतात आणि त्वचेला जागा करून देतात. दुसऱ्यात तुमच्याच पोटाची किंवा पाठीची त्वचा आणि चरबी घेऊन स्तन घडवतात. त्याला आम्ही फ्लॅप म्हणतो. अमेरिका आणि कॅनडातील ११ केंद्रांनी दोन हजार तीनशेहून अधिक स्त्रियांवर दोन वर्षे लक्ष ठेवले आणि निष्कर्ष २०१८ साली छापले. जवळजवळ एकतृतीयांश स्त्रियांना काही ना काही गुंतागुंत झाली. साधारण पाचातल्या एकीला गुंतागुंतीमुळे पुन्हा शस्त्रक्रियागृहात जावे लागले. दहातल्या एकीच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. ही मोठ्या, अनुभवी रुग्णालयांची आकडेवारी आहे. ती ऐकून घाबरू नका. पण ‘महिनाभरात सगळे पूर्ववत होईल’ असे कोणी म्हणाले, तर हे आकडे आठवा.

बहुतेक बिघाडांच्या मुळाशी एकच गोष्ट असते, रक्तपुरवठा. स्तन काढताना त्वचेखालचा सगळा ऊतक निघून जातो आणि उरलेली पातळ त्वचा तिच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगते. पाटाच्या अगदी शेवटी असलेल्या शेतासारखी तिची अवस्था असते. वर कुठेही पाणी कमी झाले, की आधी तेच वाळते. कडेची त्वचा काळी पडते, टाके उसवतात, खालचे इम्प्लांट उघडे पडते आणि मग संसर्ग झाला तर ते काढूनच टाकावे लागते. तंबाखूतले निकोटीन या बारीक वाहिन्या आकुंचित करते. आपल्याकडच्या बायका सहसा सिगारेट ओढत नाहीत, म्हणून तंबाखूचा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही. पण मशेरी? ती कितीतरी घरांत सकाळ-संध्याकाळ लावली जाते आणि ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की उत्तर येते, ‘नाही.’ मशेरी हा भाजलेला तंबाखूच आहे. शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत ती बंद हवी. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण होऊन सांगा. मधुमेह आणि स्थूलपणा हेही धोका वाढवतात. शुगर आटोक्यात येईपर्यंत पुनर्रचना लांबवली, तर त्यात काही गमावत नाही.

रक्तपुरवठ्याचे हे सूत्र जुने आहे आणि त्याचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाच्या त्वचेतून पुन्हा घडवले. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ती हकीकत चित्रासह छापली आणि युरोपातले सर्जन चकित झाले. कपाळाची त्वचा नाकावर वळवताना तिचा देठ न तोडण्यातच सारे कौशल्य होते, कारण देठातूनच रक्त येत होते. आज आम्ही पोटाची चरबी पूर्ण सुटी करतो आणि दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतो. पोटाचा स्नायू न काढता हे करण्याची पद्धत रॉबर्ट ॲलन यांनी १९९४ मध्ये मांडली. जोडलेल्या शिरेत गुठळी झाली तर फ्लॅप निळा पडून सुजतो. धमनी बंद झाली तर तो फिका आणि थंड पडतो. म्हणून पहिले दोन दिवस परिचारिका तासातासाला तो तपासते. बिघाड लवकर लक्षात आला तर फ्लॅप वाचवता येतो. अनुभवी हातांतही शंभरात एक ते तीन फ्लॅप मात्र पूर्णपणे जातात. रात्री तीन वाजता रुग्णाला पुन्हा टेबलावर घेऊ शकणारी टीम त्या रुग्णालयात आहे का, हा प्रश्न सर्जनच्या पदव्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

याशिवाय फ्लॅप घेतल्यावर पोटाची भिंत सैल पडून फुगवटा किंवा हर्निया होऊ शकतो. फ्लॅपमधल्या चरबीचा एखादा भाग मरून तिथे कडक गाठ लागते आणि बाई हादरते, की रोग परत आला. ती गाठ तपासून घ्यायलाच हवी, पण पुष्कळदा ती निरुपद्रवी निघते. पुनर्रचनेमुळे कर्करोग परत येण्याची शक्यता वाढत नाही, हे इथे स्वच्छ सांगतो.

रेडिएशन, ज्याला आपल्याकडचे पेशंट ‘लाईट घेणे’ म्हणतात, त्याने सगळे हिशेब बदलतात. इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करतेच. रेडिएशननंतर ते घट्ट आवळू लागते, स्तन कडक होतो, वर ओढला जातो, दुखतो. जखम न भरण्याचे आणि इम्प्लांट गमावण्याचे प्रमाणही वाढते. लाईट लागणार हे आधीपासून ठाऊक असेल, तर अनेकदा आधी उपचार पूर्ण करून, काही महिने थांबून, फ्लॅपने पुनर्रचना करणे अधिक सुरक्षित ठरते. शिवाय लगेच केलेल्या पुनर्रचनेत संसर्ग झाला, तर किमो लांबू शकते. आकारासाठी औषधाला उशीर होऊ देणे मला मान्य नाही.

इम्प्लांटबद्दल आणखी थोडे. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये पहिले सिलिकोनचे इम्प्लांट बसवले गेले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्या वापरावर कडक निर्बंध आणले आणि २००६ मध्ये ती पुन्हा खुली केली. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती लिम्फोमा या कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार होतो, हे लक्षात आल्यावर २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीची त्या जातीची इम्प्लांटे जगभरातून परत मागवली गेली. हा रोग बहुधा आठ-दहा वर्षांनी अचानक सूज येऊन दिसतो. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही आणि ते आत फाटले तरी बाहेरून कळत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी असे अमेरिकी प्रशासन सांगते. आपल्या इम्प्लांटचे कार्ड मागून घ्या आणि जपून ठेवा.

आणि एक गोष्ट जवळजवळ कोणी सांगत नाही. घडवलेल्या स्तनाला संवेदना फार कमी असते. गरम पाण्याची पिशवी ठेवून भाजले, तरी कळत नाही.

गुंतागुंत झाली, की बायका स्वतःला दोष देतात. घरातली माणसेही ‘कशाला केलेस?’ म्हणतात. काळजी घेणाऱ्या बाईलाही हे होऊ शकते आणि निष्णात सर्जनच्या हातूनही होते. आणि ज्या स्त्रीला पुनर्रचना नकोच आहे, जिला सपाट छाती किंवा ब्रामध्ये घालायचे कृत्रिम स्तन पुरेसे वाटतात, तिचा निर्णयही तितकाच पूर्ण आणि शहाणपणाचा आहे. त्यासाठी तिला कोणाची परवानगी मागावी लागू नये.

या सभागृहातल्या कोणाच्या घरी अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर माझी विनंती आहे. स्तन काढण्याच्या तारखेआधी प्लास्टिक सर्जनला एकदा भेटा, सोबत घरचे एक माणूस न्या आणि चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : मला लाईट लागणार का, माझा स्वतःचा धोका किती, बिघडले तर पुढे काय करणार, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यात किंवा सरकारी योजनेत बसतो का. उत्तरे मिळेपर्यंत सही करू नका.