वर्दी उतरवलेली गाडी

सरकारी नोकर निवृत्त झाला की त्याला शाल आणि नारळ मिळतो. सरकारी गाडी निवृत्त झाली की ती 'निर्लेखित' होते. हा शब्द सरकारी कागदातच सापडतो. पोलीस मुख्यालयाच्या आवारात, कडेच्या गवतात, टायर बसलेल्या आणि टपावरचा दिवा फुटलेल्या जीपा तुम्ही पाहिल्या असतील, त्या या निर्लेखित गाड्या. त्या बहुधा भंगारातच जातात. १ एप्रिल २०२३ पासून तर पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुन्हा होत नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी लागणारी चिलखती व खास वाहने तेवढी यातून वगळली आहेत. बाकीच्यांनी मान्यताप्राप्त भंगार केंद्राची वाट धरायची. त्यामुळे पोलिसांची जुनी गाडी हौसेने विकत घेऊन दारात उभी करणारा गृहस्थ आपल्याकडे माझ्या पाहण्यात नाही.

अमेरिकेत मात्र आहे, आणि तो माझा सख्खा भाचा आहे. कोकणातल्या आमच्या गावातून शिकून तो इलिनॉय राज्यात नोकरीला गेला. २०१४ साली मी त्याच्याकडे महिनाभर राहिलो, तेव्हा विमानतळावर मला न्यायला तो जी गाडी घेऊन आला, ती पाहून मी क्षणभर थबकलो. लांबलचक पांढरी मोटार, पुढे लोखंडी दांड्यांचे धक्कारोधक, काळी साधी चाके आणि चालकाच्या दाराजवळ हाताने फिरवायचा मोठा दिवा. इंग्रजी सिनेमात पाहिलेली पोलिसांची गाडी, फक्त टपावरचे दिवे नाहीत आणि दारावरची अक्षरे नाहीत.

"घाबरू नका मामू," तो हसून म्हणाला, "लिलावात घेतली आहे. रीतसर माझ्या नावावर आहे."

या गाडीचे नाव क्राउन व्हिक्टोरिया. फोर्ड कंपनीने खास पोलिसांसाठी तिचा 'पोलीस इंटरसेप्टर' हा प्रकार काढला होता. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या असंख्य पोलीस खात्यांनी ती वर्षानुवर्षे वापरली. ४.६ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, जोर मागच्या चाकांना, आणि आपल्या जुन्या जीपसारखी वेगळ्या चॅसीवर बसवलेली बॉडी. ठोकर बसली की तेवढाच पत्रा बदलायचा आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतातल्या सेंट थॉमस या गावी तिचा कारखाना होता. १५ सप्टेंबर २०११ रोजी शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला. पुढे पोलीस खाती नव्या गाड्या घेत गेली, तशा या जुन्या गाड्या लिलावात निघत राहिल्या. काही टॅक्सी झाल्या, काही माझ्या भाच्यासारख्यांच्या दारात आल्या.

विकण्याआधी खाते तिचे दिवे, भोंगा, वायरलेस आणि आरोपीच्या व चालकाच्या मधली जाळी काढून घेते. मागे काय उरते, ते भाच्याने मला एका रविवारी हौसेने दाखवले. टपावर दिव्याची भोके होती, त्यांत रबराची बुचे बसवलेली. मागच्या दारांना आतून उघडायची सोय नव्हती, ती त्याने पैसे खर्चून करून घेतली होती. चेसिस नंबरात 'पी ७१' ही अक्षरे होती, ती पाहिली की जाणकाराला कळते की ही खरी पोलिसांचीच गाडी. आणि दारावर, उन्हाची तिरीप पडली की, काढून टाकलेल्या अक्षरांच्या जागा दिसत. भोवतालचा रंग उन्हाने विटला, पट्टीखालचा तसाच राहिला. पुसलेले नाव असे अंगावर उमटून राहिलेले पाहून मला निवृत्त फौजदारांची चाल आठवली.

दुसरी एक गोष्ट त्याने सांगितली. अशी गाडी घेताना ती किती मैल धावली एवढेच पाहून चालत नाही, इंजिन किती तास चालू होते तेही विचारावे लागते. पोलिसांची गाडी धावते कमी आणि इंजिन चालू ठेवून उभी राहते जास्त. चौकात, शाळेसमोर, अपघाताच्या जागी. मैल तेवढेच राहतात आणि इंजिन मात्र आतून झिजत जाते. पोलिसाच्या नोकरीचेही तसेच नाही का? बंदोबस्तात उभे राहून जे झिजते, ते कुठल्या आकड्यात येते?

असो. लोक ही गाडी का घेतात? पहिले कारण अगदी व्यवहारी. दणकट गाडी, सुटे भाग मुबलक, किंमत कमी. दुसरे कारण सिनेमा. १९८० साली 'द ब्लूज ब्रदर्स' नावाचा चित्रपट आला. त्यातला एक भाऊ आपली कॅडिलॅक देऊन टाकतो एका मायक्रोफोनच्या बदल्यात, आणि मग माउंट प्रॉस्पेक्ट या गावच्या पोलिसांच्या लिलावातून जुनी डॉज मोनॅको उचलतो. पुढे सगळ्या राज्याचे पोलीस त्या पोलिसांच्याच जुन्या गाडीमागे लागतात. ही कथाही इलिनॉयमधलीच, त्यामुळे भाच्याला तिचा विशेष अभिमान. मायक्रोफोनसाठी कॅडिलॅक देणारा माणूस मलाही आवडला, हे रेडिओवर बोलताना सांगायला हरकत नाही.

तिसरे कारण लोक सहसा बोलून दाखवत नाहीत. ते मला हमरस्त्यावर कळले. आमची गाडी मागे आली की पुढच्या गाड्यांचे ब्रेकचे दिवे लागत. सुसाट चाललेला माणूस एकदम सभ्य होई आणि बाजू देई. मोबाईल कानावरून खाली जात. आम्ही दोघे कोकणी माणसे, किराणा आणायला निघालेलो, आणि समोरचा रस्ता आपोआप मोकळा होत चाललेला! भाचा म्हणाला, "मामू, खरे सांगू? परक्या मुलखात नवा आलो तेव्हा सगळीकडे मीच बिचकून असायचो. या गाडीत बसलो की दुसरे बिचकतात."

त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. आमच्या लहानपणी गावच्या बाजारात पोलिसांची जीप शिरली की भाजीवाल्या टोपल्या मागे ओढीत. काहीही गुन्हा नसलेला माणूससुद्धा पान थुंकून सरळ उभा राही. शहरात शिकायला गेलो तेव्हा संचारबंदीचे दिवस पाहिले. रात्री मोहल्ल्यातून जीपचा आवाज आला की घरातली वडीलधारी माणसे बोलणे थांबवून ऐकत, जीप पुढे गेली की थांबली? ज्याने आयुष्यभर तो आवाज आत बसून ऐकला, त्याला एक दिवस त्या गाडीत पुढच्या सीटवर बसावेसे वाटले, तर मी त्याला हसणार नाही.

पण त्याच प्रवासात आणखी एक प्रसंग घडला. संध्याकाळची वेळ होती. रस्त्याच्या कडेला एक मोटार बंद पडली होती आणि एक मध्यमवयीन बाई एकटीच बाहेर उभी होती. आमची गाडी पाहताच तिने दोन्ही हात वर केले. चेहऱ्यावर असे काही हायसे वाटलेले दिसले की भाच्याने गाडी थांबवली. तो खाली उतरला. साधा शर्ट, पायात चपला. बाईने त्याच्याकडे पाहिले, मग गाडीच्या दाराकडे पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला. "मी पोलीस नाही, पण मदत करू का?" असे त्याने विचारले. ती मानेनेच नाही म्हणाली, आपल्या गाडीत जाऊन बसली आणि तिने काचा वर केल्या. आम्ही थोड्या अंतरावर थांबलो, खऱ्या पोलिसांना फोन केला आणि ते येईपर्यंत तिथेच राहिलो. परतीच्या वाटेवर भाचा फारसा बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने तो फिरवायचा दिवा आणि पुढचे धक्कारोधक काढून टाकले आणि टपावर सामान बांधायची जाळी बसवली. गाडी मात्र ठेवली. त्याने कायदा कुठेच मोडला नव्हता, पण त्या बाईचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

तिथला कायदा साधारण असा आहे की जुनी गाडी बाळगायला हरकत नाही, पण पोलिसांचे दिवे लावून रस्त्यावर फिरायचे नाही आणि पोलीस असल्याचे भासवायचे नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात तर पोलिसांच्या गाडीसारखी रंगवलेली गाडी बाळगण्यालाच मनाई आहे. हे नियम कोणाला अतिरेकी वाटतील. त्यांनी कॅनडातली एक हकीकत ऐकावी.

१८ आणि १९ एप्रिल २०२० या दोन दिवसांत कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात एका माणसाने २२ जणांचे प्राण घेतले. त्याने सरकारी लिलावातून पोलिसांच्या जुन्या गाड्या घेतल्या होत्या. त्यांतल्या एकीला त्याने पट्टे, बोधचिन्ह, दिवे सगळे लावून हुबेहूब पोलीसगाडी बनवले आणि अंगावर पोलिसी कपडे चढवून तो त्या गाडीतून फिरला. समोरून ती गाडी येत होती तेव्हा एका पोलिसाला ती आपल्या सहकारिणीचीच वाटली, आणि तो गोळी लागून जखमी झाला. त्याहून विदारक म्हणजे, त्याच सकाळी दोन खऱ्या पोलिसांनी एका अग्निशमन केंद्राबाहेर उभ्या असलेल्या खऱ्या पोलीसगाडीजवळ गोळीबार केला. तोच मारेकरी आहे असे त्यांना वाटले. सुदैवाने तिथे कोणी जखमी झाले नाही. पुढे कॅनडाच्या सरकारने पोलिसांच्या जुन्या गाड्यांची विक्री थांबवली आणि नोव्हा स्कोशियाने २०२१ साली पोलिसांचा गणवेश, चिन्हे आणि गाड्या यांबद्दल कायदा केला.

एक खोटी गाडी रस्त्यावर आली की पहिला घात होतो तो खोट्यावर विश्वास ठेवणाऱ्याचा. दुसरा घात होतो खऱ्याचा, कारण मग त्याच्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आपण मुंबईकर-महाराष्ट्रीयांना हे वेगळे सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासारखे अधिकारी धारातीर्थी पडले आणि दहशतवाद्यांनी त्यांचीच क्वालिस पळवली. मेट्रो सिनेमाच्या चौकात त्या गाडीतून लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांची गाडी येताना पाहून कोण कशाला पळेल?

एवढे मोठे प्रसंग रोज घडत नाहीत, हे खरे. पण लहान प्रसंग रोज घडतात. 'पुढे खून झालाय, दागिने काढून पिशवीत ठेवा' असे म्हाताऱ्या बाईला सांगून तिच्या पाटल्या घेऊन जाणारा तोतया पोलीस महाराष्ट्रातल्या कुठल्या शहराला ठाऊक नाही? तोतयेगिरी हा भारतीय दंड संहितेत गुन्हा होताच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याची शिक्षा वाढली आहे. आता कलम २०४ खाली किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे.

आणि तोतये नसलेल्यांचे काय? खासगी मोटारीच्या काचेवर 'पोलीस' असे लाल-निळे अक्षर लावणारा बहुतेक वेळा पोलिसाचा भाऊ, मेहुणा किंवा शेजारी असतो. त्याला कोणाला लुबाडायचे नसते. त्याला टोलनाक्यावर थांबायचे नसते आणि नो पार्किंगमध्ये गाडी लावायची असते. लाल दिव्याची हौसही त्याच घरातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या डिसेंबरात तिला लगाम घातला आणि १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही गाड्यांवरचे दिवे उतरले. आता असे दिवे रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांच्यासारख्या तातडीच्या सेवांनीच वापरायचे. दिवा उतरला तेव्हा काहींना आपले पद गेल्यासारखे वाटले. म्हणजे पद दिव्यातच होते!

मला वाटते, मूळ दुखणे गाडीचे नाही. ज्या समाजात साध्या माणसाला साधेपणाने वागणूक मिळत नाही, तिथे प्रत्येकाला कुठले तरी उसने अक्षर हवे असते. कोणी 'पोलीस' लावतो, कोणी 'प्रेस', कोणी 'महाराष्ट्र शासन'. रांगेतल्या शेवटच्या माणसाला त्याचा नंबर बिनबोभाट मिळाला, तर या पट्ट्या विकणाऱ्याचे दुकान आपोआप बंद होईल.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. नावाची ती अट आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. तेव्हा गाडीचा रंग आणि टपावरचा दिवा पाहून मान खाली घालू नका आणि लगेच हायसेही वाटून घेऊ नका. खाली उतरलेल्या माणसाच्या छातीवरचे नाव वाचा, नसेल तर नम्रपणे ओळखपत्र मागा. खरा पोलीस असेल तर त्याला राग येण्याचे कारण नाही. आणि आपल्या घरातल्या पोरांनाही सांगा, की बेटा, गाडी कुठलीही घे, पण तिच्यावर दुसऱ्याचे नाव लावू नकोस.