नाचाचा कपडा आणि नाचणारीचा मान

डिसेंबर लागला की आमच्या बचत गटातल्या शिलाई मशिनींना उसंत नसते. हिंगोली घ्या, कळमनुरी घ्या, वसमत, सेनगाव नाहीतर औंढा घ्या, शाळाशाळांतून गॅदरिंगची तयारी चाललेली असते. कुणाला कोळीनाचाचं लुगडं हवं, कुणाला बंजारा नाचासाठी फेटिया-कांचळी, तर कुणाला लावणीची शिवलेली नऊवारी. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत काजं-हुकं चालतात. तेव्हा हात कामात आणि तोंड गप्पांत. त्याच गप्पांतली एक गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. नाचासाठी शिवलेला कपडा घराघरांत कसा शिरतो, आणि नाचणारी मात्र उंबऱ्याबाहेर कशी राहते, त्याची ही गोष्ट.

आधी जरा लांब जाऊ. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, थेटरांत नवे खेळ लागत. त्यांत पऱ्या झालेल्या पोरींचे ताफे बॅले नाचत. बॅलेत नर्तकी पायाच्या बोटांच्या टोकावरही अंग तोलून नाचतात. १८३२ साली पॅरिसमध्ये मारी ताल्योनी नावाची नर्तकी ‘ला सिल्फिद’ या बॅलेत नाचली. अंगात पांढरा, तलम, घंटेसारखा फुललेला घागरा. बघणाऱ्यांना वाटे, ही जमिनीवर नाहीच, हवेत आहे. तिचं नाव इतकं गाजलं की पुरुषांच्या एका ओव्हरकोटालाही ‘ताल्योनी’ म्हणू लागले. व्हिक्टोरिया तेव्हा राणी नव्हती, लहान राजकन्या होती. तिच्याकडे १३२ लाकडी बाहुल्या होत्या. तिनं आणि तिला सांभाळणाऱ्या बाईनं मिळून त्यांचे कपडे शिवले. त्यांतल्या कितीतरी बाहुल्या बॅले आणि ऑपेरातल्या कलावंतिणींसारख्या सजवलेल्या होत्या, ताल्योनीसुद्धा त्यांत होती. म्हणजे राजवाड्यातली पोरगीही सुई-दोरा घेऊन नाचणारीचाच झगा शिवत बसली होती.

पुढे १८४४ साली लंडनला पोल्का नाचाचं वेड लागलं. मूळ हा बोहेमियातल्या गावकऱ्यांचा नाच. मग बायकांच्या अंगासरशी बसणाऱ्या आखूड जाकिटाला ‘पोल्का जाकीट’ म्हणू लागले. ठिपक्यांच्या कापडालाही पुढे पोल्काचंच नाव लागलं. आता आपलं परकर-पोलकं आठवा. पोल्का आणि पोलकं, दोन्ही शब्द कानाला सख्खे लागतात की नाही? आम्हाला तरी हे नातं खरं वाटतं. आमच्या गटातल्या आजी हे ऐकून हसल्या. म्हणाल्या, “म्हंजे लहानपणी आम्ही नाचाचंच नाव अंगात घालून शाळेत गेलो म्हणा की!”

पण त्याच १८४४ सालच्या डिसेंबरात एक वाईट गोष्ट घडली. क्लारा वेबस्टर नावाची विशीतली नर्तकी लंडनच्या ड्रुरी लेन थेटरात नाचत होती. रंगमंचावरच्या दिव्याच्या ज्योतीला तिच्या तलम झग्याची कड लागली आणि क्षणात सगळा झगा पेटला. बाकीच्या मुलींचेही कपडे तसेच, त्यामुळे कुणाला जवळ जाता येईना. तिसऱ्या दिवशी ती गेली. लोकांना ती हवेत तरंगताना बघायची होती, म्हणून तो कपडा तसा होता. त्याची किंमत तिनं मोजली.

आता आपल्याकडे या. शंभर वर्षांपूर्वी बालगंधर्व स्त्रीभूमिका करत. १९११ साली ‘मानापमान’ आलं, १९१६ साली ‘स्वयंवर’. त्यांचं लुगडं नेसणं, अंबाडा, गजरा, दागिने बघून घरंदाज बायका तसंच करू लागल्या. पुरुषानं रंगमंचावर नेसलेलं लुगडं बायकांनी आवडीनं उचललं, आणि बालगंधर्वांना मानही मिळाला. तो योग्यच होता. पण त्याच काळात फडावर नऊवारी नेसून, पायांत घुंगरू बांधून नाचणाऱ्या बाईच्या वाट्याला काय आलं? वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी आयुष्य लावणीला दिलं. त्यांना १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली पद्मश्री. तोवर त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

आणि आज बघा. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ती चापून-चोपून नेसायला वेळ लागतो, म्हणून तयार शिवलेली नऊवारी आली. घातली, नाडी बांधली, हुक लावला, झालं. नाचणाऱ्या मुलींना तिचा मोठा आधार झाला. पण आता तीच नऊवारी ‘पेशवाई’, ‘राजलक्ष्मी’, ‘मस्तानी’ अशा नावांनी नवरीच्या अंगावर असते.

मागच्या वर्षी एकाच घरातून आमच्याकडे दोन कामं आली. थोरल्या लेकीच्या लग्नाची शिवलेली नऊवारी, आणि सहावीतल्या धाकटीची गॅदरिंगच्या लावणीची. कापड कापून झालं, शिवूनही होत आलं, आणि निरोप आला की धाकटीची राहू द्या. आमच्या घरातली पोरगी लावणीवर नाचणार नाही. आम्ही घरी गेलो. गाणं वयाला शोभणारं आहे, बाईंनी नीट निवडलंय, हे सांगितलं. आजी म्हणाल्या, “लोक काय म्हणतील?” आमच्यातल्या एकीनं विचारलं, “मावशी, थोरलीला नेसायला चालतं, मग धाकटीला नाचायला का चालत नाही?” त्यावर कुणी काही बोललं नाही. पोरगी नाचली नाही. गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसून ती मैत्रिणींना बघत होती, आणि तिचे पाय खुर्चीखाली ताल धरत होते. ते आमच्या नजरेतून सुटलं नाही.

मैत्रिणींनो, गाणं निवडताना जरूर बघा, वयाला शोभेल असंच घ्या. पण नाच वाईट आणि नाचणारी हलकी, असं मुलींच्या कानावर घालू नका. ज्या बायकांनी हा कपडा, हा डौल आपल्याला दिला, त्यांची नावंही मुलींना सांगा.

आता शिवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नायलॉनचं कापड असेल तर आत सुती अस्तर लावा. नाचाच्या कपड्याची कड घोट्याच्या वर ठेवा आणि पदर पिनांनी पक्का करा. आणि रंगमंचावर पेटती समई, पणती अजिबात ठेवू नका, सेलवरचे दिवे ठेवा. क्लाराची गोष्ट एवढ्यासाठीच सांगितली.

ती छोटी नऊवारी वर्षभर आमच्या कपाटात होती. परवा त्या घरातून फोन आला. मुलीची आई होती. हळूच म्हणाली, “पोरगी वाढलीये हो, आता तिला बसेल का ती?” आम्ही म्हटलं, घेऊन या लेकराला. शिवताना आम्ही माया जरा जास्तच सोडली होती.