सवलतीची तपासणी



पैनगंगेच्या दक्षिण तीरावर वसलेल्या, कापसाच्या आणि सागवानाच्या या आदिलाबाद जिल्ह्यात, जिथे बेला-जैनथकडच्या घरांतून मराठी, बाजारात तेलुगू, एके काळी कचेरीत उर्दू आणि डोंगरात गोंडी व कोलामी अशा भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्माने नांदत आल्या, तिथे दीक्षान्ताच्या मुहूर्तावर अणुवीज केंद्रांना मिळणाऱ्या सवलतींविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न तुमच्या मनात उद्भवला तर तो स्वाभाविकच आहे. या जिल्ह्यात अणुभट्टी नाही. परंतु तुमच्यापैकी पुष्कळांच्या हाती उद्या तहसीलीची, प्रदूषण नियंत्रण मंडळाची किंवा वकिलीची लेखणी येणार आहे, आणि नियमातून कोणाला, कशासाठी, किती मोकळीक द्यावी हा सवाल त्या लेखणीपुढे वारंवार येणार आहे. अणुऊर्जेच्या क्षेत्रात तो सर्वांत गंभीर रूपाने उभा राहतो, म्हणून मी तो विषय निवडला.

नियमाला अपवाद असूच नये, असे माझे मत नाही. अणुवीज केंद्र चाळीस-पन्नास वर्षे चालते, त्या अवधीत नियम बदलतात, यंत्रे बदलतात, आणि एखाद्या कलमाचे अक्षरशः पालन केल्याने सुरक्षिततेत तिळमात्र भर पडत नाही असे प्रसंग खरोखरच येतात. अशा वेळी अमेरिकेतील केंद्रचालक तेथील नियामक आयोगाकडे सवलतीचा अर्ज करतो. आणि १९७० पासून अमलात असलेल्या पर्यावरणविषयक कायद्यामुळे आयोगाला, काही ठरावीक किरकोळ प्रकार सोडले तर, हुकूम काढण्यापूर्वी एक टिपण लिहून सरकारी राजपत्रात छापावे लागते. सवलत का हवी; ती दिल्याने केंद्राबाहेर पडणाऱ्या किरणोत्साराच्या, कामगारांच्या अंगी लागणाऱ्या मात्रेच्या, नदीच्या पाण्याच्या आणि त्यातल्या माशांच्या बाबतीत काय फरक पडेल; ती नाकारली तर काय होईल; दुसरा मार्ग कोणता होता आणि कोणकोणत्या खात्यांचा सल्ला घेतला, हे सारे त्यात नोंदलेले असते. बहुतेक वेळा अखेरचा शेरा ‘लक्षणीय परिणाम नाही’ असाच असतो, आणि म्हणून हा निव्वळ कागदी सोपस्कार आहे असे म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. ज्या अधिकाऱ्याला आपल्या निर्णयाची कारणे सही करून चारचौघांसमोर मांडावी लागतात, तो अर्ज अधिक सावधपणे वाचतो. आणि दहा वर्षांनी काही बिघडले, तर कोणी काय गृहीत धरले होते हे पाहायला दप्तर शिल्लक राहते. हा शहाणपणाही तिथे आपसूक आलेला नाही. मेरीलँड राज्यात चेसापीक उपसागराच्या काठी उभ्या राहणाऱ्या कॅल्व्हर्ट क्लिफ्स केंद्राच्या खटल्यात १९७१ साली न्यायालयाने तेव्हाच्या अणुऊर्जा आयोगाला बजावले, की दुसऱ्या खात्याच्या दाखल्यावर विसंबून पर्यावरणाचा विचार टाळता येणार नाही. तो तुमचा तुम्हीच केला पाहिजे.

आपल्याकडे ही जबाबदारी दोन दरवाजांत विभागली गेली. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, तेव्हा पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा कायदा नव्हता, १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळही नव्हते. पुढे १९९४ च्या आणि नंतर २००६ च्या अधिसूचनेने अणुवीज प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरली. पण किरणोत्साराचा प्रश्न नियामक मंडळाचा आणि झाडे, पाणी, माती, मासे हा पर्यावरण मंत्रालयाचा, अशी वाटणी रूढ झाली. ज्या मंडळाकडे अवघड अर्धा भाग गेला, त्याचा कायदेशीर दर्जा केंद्र सरकारच्या हाताखालच्या अधिकारसंस्थेचाच राहिला होता, ही गोष्ट भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात स्पष्टपणे नोंदली. तामिळनाडूतील कुडनकुळमच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना जनसुनावणीवाचून पुढे जाता आले, कारण त्यांची मंजुरी १९८९ ची, म्हणजे सुनावणीचा नियम होण्यापूर्वीची होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ते मान्य केले.

जैतापूरला सुनावणी झाली. रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात, माडबनच्या सड्यावर, ९,९०० मेगावॅट क्षमतेच्या सहा अणुभट्ट्यांसाठी १६ मे २०१० रोजी ती भरली. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तयार केलेल्या शेकडो पानांच्या अहवालाची मराठी प्रत वेळेवर हाती पडली नाही, ही ग्रामस्थांची तक्रार होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पस्तीस अटींसह मंजुरी मिळाली. अटी घालणे चांगलेच. परंतु ज्या अभ्यासावर मंजुरी द्यायची की नाही हे ठरावे, तोच अभ्यास मंजुरीनंतर पुरा करण्याची अट घातली जाते तेव्हा ती अट राहत नाही, ती सवलतच होते, आणि त्या सवलतीची तपासणी कोणीही केलेली नसते.

आधी हुकूम आणि मागाहून चौकशी, या क्रमाची किंमत तुमच्या जिल्ह्याइतकी क्वचितच कोणी मोजली असेल. निजामाच्या अमलात जंगलाच्या सरहद्दी आखल्या गेल्या त्या गोंड-कोलामांना न विचारता. पिढीजात कसलेली पोडाची, म्हणजे फिरत्या शेतीची, जमीन एका रेघेने राखीव वनात गेली, अर्ज-विनंत्या अव्वल तालुकदाराच्या कचेरीत पडून राहिल्या, आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कोमरम भीम आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले. त्यानंतर सरकारला चौकशी सुचली. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना पाचारण झाले, ते मारलवाईत गोंडांमध्ये राहिले, त्यांनी अहवाल लिहिले, आणि हजारो एकरांचे पट्टे वाटले गेले. त्याच काळात केस्लापूरला, नागोबाच्या जत्रेत, अधिकाऱ्यांनी येऊन आदिवासींची गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार सुरू झाला. पुष्य अमावास्येला मेस्राम कुळाची महापूजा झाल्यानंतरच्या दिवसांत तो आजही भरतो. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल: मांडवात जिल्हाधिकारी बसलेले, समोर दूरदूरच्या गुड्यांतून आलेले पटेल, कुणाच्या हातात पाण्याचा अर्ज, कुणाच्या हातात पट्ट्याचा. त्यात सगळ्यांचे समाधान होते असे मी म्हणणार नाही. पण राज्यकर्त्याने प्रजेच्या जागी जाऊन, तिच्या सोयीच्या दिवशी, तिचे म्हणणे ऐकावे, हे तत्त्व या मातीत पर्यावरणाच्या कायद्यांहून कितीतरी जुने आहे.

म्हणून २०२५ सालातील घडामोडींनी मी अस्वस्थ आहे. संरक्षण, सुरक्षा आणि केंद्र सरकार ठरवील त्या सामरिक कारणांसाठी जनसुनावणी वगळण्याची मुभा २००६ च्या अधिसूचनेत होतीच. सप्टेंबर २०२५ मध्ये अणुखनिजांच्या आणि इतर महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना या सुनावणीतून सूट देण्यात आली. २०१९ साली नल्लमलाच्या जंगलातील युरेनियमच्या खाणकामाविरुद्ध तेलंगणाच्या विधानसभेने ठराव केला, तो लोकांनी आवाज उठवल्यावर. ज्या व्यासपीठावरून तो आवाज कायदेशीरपणे नोंदला जातो, तेच आता काढून घेतले आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा संमत करून खाजगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले आणि नियामक मंडळाला कायद्याचे अधिष्ठान दिले. दुसऱ्या गोष्टीचे मी मनापासून स्वागत करतो. पण खाजगी चालक आला की सवलतीचे अर्जही वाढणार, आणि प्रत्येक सवलतीमागे छापील, सकारण टिपण असावे ही मागणी आजच केली पाहिजे.

स्नातकहो, सुनावणीच्या जाहीरनाम्याला किमान तीस दिवसांची मुदत असते; अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात वाचायला ठेवलेली असते; सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो; आणि सुनावणी सुरू करायला गणसंख्येची अटच नाही, म्हणजे मांडव रिकामा असला तरी कामकाज कायदेशीर ठरते. उद्या पैनगंगेच्या किंवा प्राणहितेच्या काठी कोळशाची खाण येवो, सिमेंटचा कारखाना येवो, की आज कल्पनेत नसलेले आणखी काही येवो, तो सारांश तेलुगूत निघेल आणि बेल्याच्या शेतकऱ्याला मराठीत, उटनूरच्या कोलामाला कोलामीत तो कोणीतरी समजावून सांगावा लागेल. माझी या संस्थेच्या चालकांना विनंती आहे, की जिल्ह्यातील प्रत्येक प्रकल्पाचा असा अहवाल ग्रंथालयात मागवून ठेवावा, आणि तुम्हाला विनंती आहे, की सुनावणीपूर्वीच्या त्या तीस दिवसांत तुमच्यापैकी दोघा-चौघांनी गावात जाऊन तो मोठ्याने वाचून दाखवावा.