गोचिडीचें मुख

रत्नागिरीकडील गोठ्यांत गाईच्या कानामागची गोचीड उपटून निखाऱ्यावर टाकण्याची रीत जुनीच आहे. ती गोचीड कोणत्या जातीची, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. परंतु १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग असलेल्या सिंधुदुर्गांत २०१६ सालीं माकडतापाची सांथ आली, काजूच्या बागांत राबणारीं माणसें अंथरुणास खिळलीं, आणि हा प्रश्न जिवाचा ठरला.

हा ताप १९५७ सालीं शिमोग्याकडील क्यासनूरच्या रानांत प्रथम ओळखला गेला. तेथें माकडें मरून पडत आणि माणसेंहि आजारी होत. पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्रानें शोध केला, तेव्हां रानांतील गोचिडींत रोगाचा विषाणु सांपडला. त्यांतील मुख्य जातीचें शास्त्रीय नांव हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा.

श्रोते म्हणतील, गोचीड तेवढी गोचीड. ती ओळखावयाची कशी? सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं प्रथम पाय मोजावे. आठ पाय असल्यामुळें ती कीटक नव्हे, कोळ्याची भाऊबंद ठरते. मात्र अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलास सहाच पाय असतात. नंतर पाठीवरील कठीण ढाल पाहावी. नराची ढाल सारी पाठ झांकते, मादीची केवळ पुढचा भाग; म्हणून रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगते ती मादीच. खरी ओळख पटते ती मुखापाशीं. गुरांच्या नेहमींच्या गोचिडीचें मुखपीठ षट्कोनी असून ढालीच्या कडांवर दोन बारीक डोळे असतात. हिमाफायसॅलिसचें मुखपीठ चौकोनी, डोळे मुळींच नाहींत, तोंडाजवळच्या आंखूड स्पर्शकांचे कोपरे दोहों बाजूंस बाहेर आलेले, आणि पाठीच्या मागच्या कडेस महिरपीसारख्या चुण्या. पोट कितीहि फुगलें तरी मुखाची ठेवण बदलत नाहीं. अर्थात् या कुळांतहि जाती अनेक आहेत. नेमकी जात ठरविणें हें तज्ज्ञाचें काम, आणि विषाणु तर या यंत्रांत दिसतच नाहीं.

म्हणूनच गोचीड ओढून तोडणें किंवा जाळणें म्हणजे पुरावा नष्ट करणें होय. माणसास चावते ती बहुधा खसखशीएवढी, अर्धवट वाढलेली. पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिचा सुळसुळाट असतो, आणि काजू वेंचण्याचे दिवसहि त्यांतच येतात. ती चिमट्यानें त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी, स्पिरिटच्या बाटलींत ठेवावी, आणि बाटलीवर गांव, तारीख व कोणाच्या अंगावर मिळाली तें लिहावें. पुढें ताप आला, किंवा रानांत माकड मेलेलें दिसलें, तर आरोग्यकेंद्रास लगेच कळवावें. मेलेल्या माकडास हात लावूं नये. बाटलीवरचा तो एका ओळीचा मजकूर नसेल, तर उत्तम यंत्र हाताशीं असूनहि कोणतें गांव धोक्यांत आहे, हें तज्ज्ञास सांगतां येत नाहीं.